गादी पिंजून घ्यावी की हप्त्यावर नवी?

प्रश्न: आम्ही दोघं नोकरी करतो. पुण्यात वाकडला नुकतेच स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1,18,000 रुपये, गृहकर्जाचा हप्ता 46,000, बाकी घरखर्च साधारण 54,000. अडीअडचणीसाठी बँकेत 70,000 आहेत. एका शोरूममध्ये बेडरूमचं पूर्ण पॅकेज 94,000 ला मिळतंय: लॅटेक्सची गादी 46,000, 'इजिप्शियन कॉटन, 1000 थ्रेड काउंट' चादरींचे चार संच 22,000, बदकाच्या मऊ पिसांची रजई 14,000, सहा जाड टॉवेल 7,200 आणि दोन उशा 4,800. बारा महिन्यांचे 'नो कॉस्ट' हप्ते आहेत, रोख दिले तर 8 टक्के सूट. 2,000 रुपये देऊन बुकिंग केलंय. सासूबाई म्हणतात, गावाकडच्या दोन कापसाच्या गाद्या पिंजून घ्या, भागेल. काय करावं?

उत्तर: सासूबाईंचं ऐका. त्यांचा हिशेब बरोबर आहे.

कापसाच्या गादीत जो कापूस असतो ते तुमचं भांडवल आहे. सात-आठ वर्षांनी गादी दबते, गुठळ्या होतात, मधे खड्डा पडतो, पण कापूस कुठे जात नाही. खोळ उसवायची, कापूस पिंजायचा, थोडी नवी भर घालायची, नवी खोळ चढवून टाके मारून घ्यायचे. तुम्ही फक्त मजुरी, खोळ आणि भर एवढ्याचेच पैसे देता. लॅटेक्स किंवा फोमची गादी बसली की ती उचलून न्यायलाही पैसे मोजावे लागतात. माझ्या आईच्या लग्नातली गादी आमच्या घरी तीनदा पिंजली गेली आणि आजही पाहुण्यांसाठी तीच पसरली जाते.

मात्र गाद्या दुकानात टाकून निघून येऊ नका. खोळ उसवताना समोर थांबा, जुन्या कापसाचं वजन काट्यावर करून घ्या आणि तयार गादी पुन्हा तोलून बघा. चांगला देशी कापूस काढून गिरणीतली रद्दी नाहीतर चिंध्यांचा पिंजलेला लगदा भरला जातो, ही तक्रार नेहमीची आहे. लगद्याची गादी वर्षभरात दगड होते. भर घालायची तीही डोळ्यांसमोर. दोन्ही मिळून एक मोठी डबल गादी करून घ्यायचा मोह होईल, तो टाळा. सुट्या गाद्या दोघांना उचलून बाल्कनीत उन्हात टाकता येतात. डबल गादी एकदा पलंगावर गेली की तिथेच राहते, आणि पावसाळ्यानंतर ऊन न मिळालेली कापसाची गादी कुबट वास मारू लागते. दोन गाद्यांमधली फट जाडसर चादर किंवा जुनी गोधडी आडवी अंथरली की जाणवत नाही.

आता हप्त्यांकडे. 94,000 भागिले बारा म्हणजे महिना 7,833. व्याज शून्य असं तुम्हाला सांगितलंय. पण रोखीने हेच सामान 86,480 ला मिळतं. म्हणजे 86,480 चा माल घेऊन तुम्ही वर्षभरात 94,000 फेडणार. याचा व्याजदर काढला तर तो वर्षाला पावणेसोळा टक्क्यांच्या आसपास जातो, तुमच्या गृहकर्जापेक्षा कितीतरी जास्त. त्यात प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी. शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्ये बँकांना परिपत्रक काढून बजावलं होतं. 'शून्य टक्के'चं नाव बदलून 'नो कॉस्ट' झालं, पण सोडून दिलेल्या सवलतीच्या रूपात व्याज तसंच आहे.

त्याहून मोठी काळजी मला त्या 70,000 ची वाटते. हप्ता धरून तुमचा महिन्याचा खर्च एक लाख आहे. दोघांपैकी एकाचीही नोकरी गेली तर ही रक्कम किती दिवस पुरेल? सहा महिन्यांची तरतूद म्हणजे सहा लाख, निदान तीन लाख तरी हवेत. महिन्याला तुमच्याकडे 18,000 शिल्लक राहतात. त्यातले जवळपास आठ हजार वर्षभर गादी-चादरीत अडकवणं आज परवडणारं नाही. हे मी अगदी कळकळीने लिहितोय, कारण नव्या घराच्या पहिल्या वर्षातच असे छोटे छोटे हप्ते साठत जातात.

चादरींबद्दल जरा सविस्तर. थ्रेड काउंट म्हणजे एक चौरस इंच कापडात उभे-आडवे मिळून किती धागे आहेत तो आकडा. एकेरी धाग्याच्या कापडात तो साधारण चारशेच्या पुढे नेणं अवघड. मग 1000 कसा येतो? दोन-तीन बारीक पदर पिळून केलेला एक धागा दोन-तीन म्हणून मोजायचा. अशा मोजणीने ग्राहकाची दिशाभूल होऊ शकते, हे मत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2005 मध्येच दिलं होतं. पीळ मारलेले हलक्या प्रतीचे पदर वापरले की कापड जड होतं, हवा खेळत नाही आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये अंग चिकचिकतं. लांब तंतूच्या कापसाची, एकेरी धाग्याची, 200 ते 300 काउंटची पर्केल (म्हणजे साध्या, एक धागा वर-एक खाली अशा) विणीची चादर घ्या. ती धुवावी तशी मऊ होत जाते. 'इजिप्शियन' या शब्दावरही भाळू नका: 2016 मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीला इजिप्शियन म्हणून विकलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी आणि अभ्रे तसे नसल्याचं आढळलं आणि ग्राहकांना पैसे परत द्यावे लागले. एवढ्या मोठ्या खरेदीदाराची ही गत, तर आपण शोरूममधल्या लेबलवरून काय ओळखणार?

करातही फरक पडतो. सप्टेंबर 2025 पासून चादरी-टॉवेलसारख्या वस्तूंवर नगाची किंमत 2,500 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के जीएसटी आहे, त्यावर गेली की 18 टक्के. तुमचा 5,500 चा संच वरच्या पट्टीत जातो.

टॉवेल जितका जाड तितका चांगला, हा समज आपल्या हवेत महागात पडतो. 700 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 700 ग्रॅम वजनाचा) टॉवेल जुलैत वाळता वाळत नाही आणि ओला राहिला की वास धरतो. 400 ते 500 जीएसएम पुरे. सोलापूरच्या टर्किश टॉवेलला आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. दोन्ही वर्षानुवर्षं टिकतात. पिसांची रजई मात्र विसरा. वाकडला थंडीच्या मोजक्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास येतो, तेवढ्याला सोलापुरी चादर आणि सासूबाईंची गोधडी पुरते. दमट हवेत पिसं गोळा होतात, धुणं कटकटीचं. उशीला सावरीचा कापूस घ्या. तो हलका असतो आणि पाणी शोषत नाही, पण धुता येत नाही म्हणून आत एक जास्तीचा अभ्रा घाला.

मी धरलेला खर्च असा: दोन गाद्यांचं काम आणि भर 6,000, पर्केल चादरींचे तीन संच प्रत्येकी 2,200 प्रमाणे 6,600, चार टॉवेल 2,000, सावरीच्या दोन उशा 1,600, दोन सोलापुरी चादरी 1,600. एकूण 17,800. एका महिन्याच्या शिलकीत बसतं, हप्ता लागत नाही. गादीवाल्याचे दर भागाप्रमाणे बदलतात, तेव्हा दोन ठिकाणी विचारा.

लॅटेक्स वाईट आहे असं नाही. रबराच्या झाडाच्या चिकाचं खरं लॅटेक्स टिकाऊ असतं आणि पाठीला आधार देतं. पण 'लॅटेक्स' नावाखाली वरचा दोन इंचाचा थर लॅटेक्सचा आणि खाली फोम, असं पुष्कळदा असतं. कुठला थर किती इंच, हे बिलावर लिहून मागा. दोघांपैकी कुणाला कंबरदुखीचा त्रास असेल तर गादीचा निर्णय डॉक्टरांना विचारून करा, तिथे काटकसर नको. तसं नसेल तर आधी अडीअडचणीची तरतूद तीन लाखांवर न्या, मग महिना 4,000 ची आवर्ती ठेव सुरू करा. बारा महिन्यांत 48,000 आणि वर थोडं व्याज. तोवर पिंजलेल्या गाद्यांवर झोप चांगली लागत असेल, तर ते पैसे कशाला वापरायचे हे तेव्हा तुम्हीच ठरवाल.

राहिले बुकिंगचे 2,000. पावतीवर परताव्याची अट काय आहे ते वाचा आणि उद्याच दुकानात जा. परत देत नसतील तर तेवढ्याच किमतीचे टॉवेल किंवा साधी सुती चादर मागा, बहुतेक दुकानदार याला तयार होतात. तेही नाही म्हणाले तर 2,000 सोडून द्या. त्यासाठी उरलेले 92,000 घालवू नका.