किल्ली आहे म्हणून गॅरेजमधून गाडी उचलून आणू का?

प्रश्न (थोडक्यात): वडिलांची १९६८ साली नोंदवलेली मोटार माझ्याकडे आहे. तिला मुळात एसी नव्हता. रोज वापरता यावी म्हणून एसी बसवायला गॅरेजमध्ये दिली. सगळं बोलणं तोंडी, थोडं व्हॉट्सअ‍ॅपवर. निम्मे पैसे दिलेत. गॅरेजवाल्यांनी मला न विचारता इंजिन आणि डॅशबोर्डमधला पत्रा, म्हणजे फायरवॉल, कापली आणि बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो काढून त्याजागी आल्टरनेटर लावला. आता एसी सुरू केला की थोड्याच वेळात रेडिएटर उकळतो. उरलेले पैसे दिल्याशिवाय गाडी देणार नाही, वर रोजचं जागाभाडं घेणार, असं ते म्हणतात. गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायचीही इच्छा आहे. वडील वारले तरी आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, त्यांच्याच नावावर आहे. दुसरी किल्ली माझ्याजवळ आहे. जाऊन गाडी आणली तर चालेल का?

उत्तर: नाही. हे आधी सांगतो, कारण बाकी सगळं सावकाश निस्तरता येईल, हे एक येणार नाही.

स्वतःच्या वस्तूची चोरी कशी होईल, असं तुम्हाला वाटत असणार. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये याचं उत्तर उदाहरणासकट दिलेलं आहे. घड्याळ दुरुस्तीचे पैसे देणं बाकी आहे, दुरुस्त करणाऱ्याने त्यापोटी ते कायदेशीरपणे ठेवून घेतलंय, आणि मालकाने त्याचं ते तारण बुडवण्याच्या हेतूने घड्याळ उचललं, तर ती चोरी. जुन्या दंड संहितेतही हेच उदाहरण होतं. आज तक्रारदार तुम्ही आहात. किल्ली फिरवलीत की आरोपी व्हाल, आणि गॅरेजवाल्यांना आयतं कोलीत मिळेल.

त्यांना गाडी अडवून ठेवायचा हक्क मिळतो तो करार कायद्याच्या, म्हणजे १८७२ च्या अधिनियमाच्या, कलम १७० मधून. याला धारणाधिकार म्हणतात. पण हा हक्क सरसकट नाही. ज्या कामासाठी वस्तू सोपवली, ते ठरल्याप्रमाणे केलं तरच त्याच्या मोबदल्यापुरती ती अडवता येते. गार हवेऐवजी वाफ निघत असेल तर ‘काम केलं’ म्हणण्यालाच हरकत घेता येते. जागाभाड्याचं बोलणं आधी झालेलं नसेल तर ते यात घुसडता येत नाही. गाडी त्यांनी स्वतःच्या पैशांसाठी अडवलीय, तुमच्या सोयीसाठी नव्हे.

आता तुमची कमजोर बाजू. तुम्ही पाठवलेल्या संदेशांत एक वाक्य आहे: ‘कसंही करा, पण गार हवा आली पाहिजे.’ समोरचा वकील पहिलं बोट याच वाक्यावर ठेवणार. ‘कसंही’ म्हणजे पत्रा कापायला मुभा होती, असा त्याचा युक्तिवाद असेल. त्यावर आपलं म्हणणं असं की गाडीचं अंग कापायचं तर मालकाला स्पष्ट विचारायला हवं. तुम्ही ग्राहक, ते जाणकार. एसीचा कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढ्यात बसतो, त्यामुळे रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. त्यात कॉम्प्रेसर इंजिनाचीच ताकद खातो. मोठा रेडिएटर किंवा जादा पंखा न लावता हे काम घेतलं असेल, तर इंजिन उकळणार हे त्यांना आधी कळायला हवं होतं आणि तुम्हाला सांगायलाही हवं होतं. मला हा मुद्दा पत्र्याइतकाच भक्कम वाटतो. मूळ फोनमधला एकही संदेश खोडू नका, तुम्हाला अडचणीचा असलेला तर नाहीच. पुढे हे संदेश पुरावा म्हणून द्यायचे झाले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

वाट ग्राहक आयोगाची. पोलिसांत गेलात तर ‘हा दिवाणी वाद आहे’ हेच ऐकून परत याल. गाडी तुम्ही दिलीत, पैसे तुम्ही मोजलेत, त्यामुळे आरसी वडिलांच्या नावावर असली तरी सेवेचे ग्राहक तुम्हीच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे, आणि सेवेपोटी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. पण आधी नोटीस पाठवा आणि तीत स्वतंत्र ऑटोमोबाइल अभियंत्याकडून गाडीची तपासणी करू देण्याची मागणी करा. तपासणी गाडी हलवण्याआधीच हवी, नाहीतर ‘आमच्याकडून नीट गेली होती’ हे ठरलेलं उत्तर येईल. त्यांनी दार लावून घेतलं तर तक्रारीसोबत कलम ३८(८) खाली अंतरिम आदेश मागता येतो. तपासणी झाली आणि रक्कम झेपणारी असेल, तर हक्क राखून पैसे देत आहोत असं लेखी कळवून, बँकेमार्फत भरून गाडी सोडवा. अशिलांना हा सल्ला रुचत नाही, पण जुनी गाडी उघड्यावर महिनोन्‌महिने उभी राहिली की तिचं काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. भरलेले पैसे नंतर मागता येतात.

एसी बसवणंच बेकायदा आहे का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे लावलं. मात्र ‘बदल’ म्हणजे गाडीचं मूळ वैशिष्ट्य पालटेल असा रचनेतला फरक, अशी व्याख्या कलमातच आहे. नटबोल्टने बसणारा आणि तसाच निघणारा एसी किंवा आल्टरनेटर माझ्या मते त्यात येत नाही. कापलेल्या फायरवॉलबद्दल इतक्या खात्रीने बोलणार नाही. नियमबाह्य बदलाला कलम १८२अ(४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लक्षात घ्या, मालकाला.

व्हिंटेजचं मात्र तुमचं तुम्हालाच ठरवावं लागेल. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली खासगी गाडी पात्र ठरते, पण ती मूळ रूपात हवी. चॅसी (गाडीचा सांगाडा), बॉडी शेल (पत्र्याचं कवच) किंवा इंजिनात फेरबदल झालेला चालत नाही. फायरवॉल हा बॉडी शेलचाच भाग. पत्रा पूर्ववत जोडून, कापण्याआधीचे फोटो पुढे ठेवून व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी तपासणाऱ्या समितीला पटवता येईल, आणि त्या जोडकामाचा खर्च नुकसानभरपाईत मागाच. पण व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, देखभाल, एवढ्यापुरतीच ती बाहेर निघते. तुम्ही तर एसी रोजच्या वापरासाठी बसवून घेतलात! दोन्ही एकदम मिळणार नाही. मला विचाराल तर रोज चालवायची असेल तेव्हा साधी नोंदणीच बरी.

आरसीचं काम आधी हातावेगळं करा. वारसाने मृत्यूची खबर आरटीओला तीस दिवसांत आणि गाडी स्वतःच्या नावावर करण्याचा नमुना ३१ चा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो. दोन्ही मुदती टळल्यात, तरी अर्ज करा. भावंडं असतील तर त्यांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र घ्या. विम्याची पॉलिसीही काढून बघा. ती कोणाच्या नावावर आहे आणि नवा एसी तीत जादा हप्ता भरून नोंदवता येतो का, हे कंपनीला लेखी विचारा.

आणि नोटिशीत एक ओळ विसरू नका: काढलेला डायनामो, त्याचा ब्रॅकेट आणि कापलेला पत्रा परत द्या. त्या वस्तू गॅरेजच्या नाहीत. पत्रा हाती आला तर समितीपुढेही दाखवता येईल.