तीन दिवसांच्या, ३०० किमीच्या चॅरिटी सायकल राइडसाठी तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की फोंड्याला राहता, वय ४३, आजवर सायकलवर २० किमीच्या वर गेला नाहीत आणि डिसेंबरात डायलिसिसच्या पेशंटांसाठी पैसे उभे करायला तीन दिवसांची ३०० किमीची राइड आहे, तर जमेल का. जमेल. आत्ता जुलै चालू आहे, वीसेक आठवडे हातात आहेत आणि तेवढे पुरतात. मी डिचोलीचा, अशा दोन राइड केल्यात, दोन्ही किडनीच्या पेशंटांसाठीच, कारण माझ्या वडलांचं डायलिसिस आम्ही घरच्यांनी जवळून बघितलंय, आठवड्यातनं तीनदा, दर वेळी चार तास. म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. बहुतेक जण एका लांब दिवसाची तयारी करतात, पण पहिला दिवस निघतोच हो, उत्साह असतो, वाटेत लोक हात करतात. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी परत सीटवर बसायचा असतो. माझी पहिली राइड पत्रादेवी ते पोळे, म्हणजे गोव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हायवेने साधारण १४० किमी, आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच परत. तयारीत मी दर रविवारी ९० किमी मारायचो आणि सोमवार ते शनिवार सायकल भिंतीला टेकलेली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो तर उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर, हेल्मेटचं बकल लागेना, दुसऱ्याकडनं लावून घेतलं. सीटवर बसलो तर हाडं टेकतात तिथे आदल्या दिवशीचं सोललेलं, डोळ्यात पाणी आलं, आणि पुढे करमल घाट. पाय मात्र ठणठणीत होते.

त्यामुळे माझं म्हणणं असं की शनिवार-रविवार सलग चालवा. आता २५ आणि २० पासून सुरू करा, दर आठवड्याला थोडं थोडं, साधारण दहा टक्के, वाढवत न्या, दर चौथा आठवडा हलका ठेवा, आणि नोव्हेंबरच्या शेवटी शनिवारी ९० आणि रविवारी ७० झाले की तुम्ही तयार. मधल्या दिवसांत दोनदा एकेक तास, बस. चतुर्थीचा आठवडा हलक्यातच धरा, घरी माणसं, नेवऱ्या (करंज्या), गणपतीवर बांधायची फळा-पानांची माटोळी सोडून कोण सायकल चालवणार, आणि चालवूही नये. शेवटचे दहा दिवस कमी करत यायचं, तेव्हा भीती वाटून जास्त मारू नका.

रस्ते म्हणाल तर तुमच्याकडे उत्तम आहेत. फोंडा, खांडेपार, उसगाव तिस्क, धारबांदोडा, मोले आणि परत, पन्नास-साठ किमी होतात, चढउतार मिळतात, फक्त ट्रक असतात म्हणून उजाडताच निघा आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. सपाट हवं तेव्हा जुन्या गोव्याला जाऊन फेरीने दिवाडीला, तिथे गाड्या कमी. अनमोड किंवा चोर्ला घाट पावसाळा संपल्यावरच, आत्ता दरडींची भीती असते आणि धुक्यात ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. पावसात चालवलीत तर घरी येऊन चेन पुसून तेल घाला आणि ब्रेकचे पॅड बघत जा, लाल चिखलाने ते फार लवकर झिजतात.

बोटं बधिर होतात कारण करंगळीकडची नस हँडलवर दाबली जाते. पॅडवाले ग्लोव्हज घ्या, कोपर थोडं वाकवून ठेवा, दर पाच-दहा मिनिटांनी पकड बदला. सीटची उंची अशी बघायची, टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली न्यायचं, पाय सरळ व्हायला हवा, मग चवड्याने चालवताना गुडघ्यात हलका बाक राहतो. आणि पॅडवाली शॉर्ट्स घ्याच, तिच्या आत काही घालायचं नसतं, हे कुणी लाजून सांगत नाही आणि शिवणीने माणूस सोलून निघतो.

आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, गळत राहतो. माझ्या काळ्या शॉर्ट्सवर राइडनंतर मिठाची पांढरी वर्तुळं उठायची, आणि मी नुसतं पाणी पीत होतो, पोटऱ्या अशा आखडल्या की सायकलवरनं उतरावं लागलं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर, दोन बाटल्यांपैकी एक ओआरएसची. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खायला पहिल्या तासापासनंच सुरुवात करायची, केळं, चिक्की, पोय म्हणजे आपला गोव्याचा पाव, जे पचतं ते. दुसऱ्या राइडला जिथे मुक्काम होता तिथल्या काकींनी पहाटे उकड्या तांदळाची पेज आणि मिस्कूट, म्हणजे कैरीचं लोणचं, वाढलं, ११ वाजेपर्यंत पोट शांत होतं. तेव्हापासून लांब राइडच्या दिवशी मी दुसरं काही खात नाही.

वय चाळिशीच्या वर आहे तर सुरू करायच्या आधी डॉक्टरकडे बीपी, शुगर आणि ईसीजी करून घ्या.

पैशांचं काम शेवटच्या महिन्यावर ढकलू नका, तेव्हा तुम्ही दमलेले असता आणि मागायला जीव होत नाही. चतुर्थीला सगळे नातेवाईक भेटतात तेव्हाच बोला, कुणासाठी ते नीट सांगा, माणसं देतात. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ देत आणि पावती प्रत्येकाला मिळू दे, १०० रुपये दिलेल्यालाही.

या शनिवारी पाऊस उघडला तर उसगावपर्यंत जाऊन या, आणि रविवारी कितीही कंटाळा आला तरी परत सीटवर बसा, अर्धा तास का होईना.