अणुभट्टीत स्फोट झाल्यावर आत काय मोडलं आणि मलबा कुठं उडाला, हे कसं शोधतात?

जवळ जाताच येत नसेल तर नुकसान मोजतात कसं, हा तुमचा प्रश्न. आधी एक सांगतो, कारण असा स्फोट आपल्याकडंही होईल ही भीती गावात ऐकू येते: आपली चंद्रपूर, कोराडीची वीजकेंद्रं कोळशावर चालतात. राज्यातलं अणुकेंद्र तारापूरला आहे.

पहिलं काम म्हणजे किरणोत्सर्गाचा नकाशा. हेलिकॉप्टर, ड्रोन, रोबोट यांवर मोजणी यंत्रं लावून कोणत्या तुकड्यातून किती किरणं निघतात ते टिपतात. 1986 मध्ये युक्रेनमधल्या चेर्नोबिलला अणुभट्टीच्या स्फोटात तिच्या गाभ्यातल्या ग्रॅफाइटचे (कार्बनचा एक प्रकार) तुकडे शेजारच्या छतावर पडले. तिथं किरणांनी यंत्रंच बंद पडली, आणि शेवटी माणसांना फावडी देऊन मिनिट-दोन मिनिटांसाठी वर पाठवलं. त्या माणसांचं ऋण फार मोठं आहे. जपानमधल्या फुकुशिमात 2011 च्या अणुभट्टी अपघातानंतर बराच मलबा दूरवरून चालवलेल्या यंत्रांनी उचलला.

भट्टीच्या आतलं पाहणं सर्वांत अवघड. आकाशातून सतत म्यूऑन नावाचे सूक्ष्म कण येतात आणि भिंतींतूनही आरपार जातात. युरेनियमसारखा जड पदार्थ त्यांना जास्त अडवतो. भट्टीतून किती म्यूऑन पार झाले हे मोजून 2015 मध्ये कळलं की फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीतलं इंधन जागेवर उरलेलंच नाही, वितळून खाली गेलंय. तिथल्या तीन भट्ट्यांत मिळून वितळलेला मलबा अंदाजे 880 टन. त्यातला पहिला नमुना 2024 मध्ये बाहेर आला, तोही एक ग्रॅमपेक्षा कमी!

शेतकऱ्यासाठी महत्त्वाचं: अशा अपघातात हवेत उडणारं सीझियम-137 हे किरणोत्सर्गी द्रव्य पावसासोबत उतरतं, म्हणून एका धुऱ्याला जास्त, पलीकडे कमी असू शकतं. नांगरणी न झालेल्या रानात ते बहुतेक वरच्या 5 सेंटिमीटर मातीतच राहतं आणि निम्मं व्हायला 30 वर्षं लागतात. त्यामुळे मोजणीआधी नांगर घालायचा नाही.