दोन-तीन दिवस पोट साफ होत नाही, मग अचानक कपड्याला लागतं. कोणतं चूर्ण घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की वय 41, डोंबिवलीहून रोज सकाळी लोकलने फोर्टला नोकरीला. दोन-तीन दिवस पोट साफ होत नाही, मग एखाद्या दिवशी पातळ होतं आणि कळायच्या आत कपड्याला लागतं. सासूबाई म्हणतात, वयानुसार होतं. चूर्णाचं नाव मी सांगणार नाही. पण "वयानुसार होतं" हे वाक्य वाचून गप्पही बसवेना, कारण त्याच वाक्यापायी माझ्या आईने कित्येक वर्षं घराबाहेर पडणं सोडलं होतं.

आई लालबागच्या चाळीत राहायची. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्या बिऱ्हाडांत मिळून. सकाळी बादली घेऊन रांगेत उभं राहायचं, आणि मागे पुरुष उभे असले की आई परत यायची. "नंतर जाईन," म्हणायची. नंतर डबे, मुलांच्या शाळा, पाणी भरणं. रात्री गॅलरीतून एकटीने तिथवर जायचंच नाही, असा अलिखित नियम. कळ आली की दाबायची, हे तिला तरुणपणापासून अंगवळणी पडलं होतं. कळ वर्षानुवर्षं दाबली की गुदाशयाला भरल्याची जाणीवच कमी होत जाते, हे आम्हाला फार उशिरा एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

साठी ओलांडल्यावर आईचे गुडघे आणि कंबर गेली. चालणं कमी झालं. कंबरेसाठी ट्रामाडॉल हे दुखणं थांबवायचं औषध सुरू झालं, रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या. दोन्हींनी मळ घट्ट होतो, पण गोळ्या लिहून देताना हे कोणी सांगितलं नाही. मग तिने हळदीकुंकवाला जाणं बंद केलं, भजनी मंडळ सोडलं. कारण विचारलं की "जिना चढवत नाही." खरं कारण मला तिच्या धुण्याच्या बादलीत दिसलं. साड्या ती स्वतः, सगळ्यांच्या आधी धुवायची.

मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, वय झालंय तिचं, आणि पातळ होतंय म्हणजे पोट बिघडलंय. त्याने जुलाब थांबवायच्या गोळ्या आणून दिल्या. आईचं पोट आणखी फुगलं, जेवण तुटलं, आणि डाग लागणं वाढलं. वहिनी म्हणाली डायपर आणू. त्यावर आमचं मोठं भांडण झालं आणि मी आईला टॅक्सीत घालून परळच्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आईला कुशीवर झोपवून बोटाने तपासलं. दोन मिनिटांत निदान. आत मळाचा दगडासारखा खडा बसला होता. मोरीत बोळा अडकला की पाणी कडेकडेने झिरपतं, तसा वरचा पातळ मळ खड्याच्या बाजूने बाहेर येत होता. म्हणजे आईला जुलाब नव्हतेच, पराकोटीची बद्धकोष्ठता होती, आणि आम्ही घरी तिला ती वाढवायचं औषध देत होतो.

एनिमा देऊन खडा काढला. ट्रामाडॉल बदललं, लोहाची गोळी बदलली. मळ मऊ करणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यातून सुरू झाली. कमोडवर बसताना पायाखाली पाट. सकाळच्या चहानंतर, कळ असो वा नसो, बसायचं, कारण पोटात काही गेलं की मोठं आतडं आपोआप हलतं आणि सकाळी ते सर्वांत जोरात हलतं. गुदद्वाराचे स्नायू आवळण्याचा व्यायामही शिकवला. आई पुन्हा भजनाला जायला लागली.

दादा अजूनही गणपतीत सगळे जमले की म्हणतो, आई भाज्या खात नव्हती, म्हणून झालं. साफ चूक. आई ज्वारीची भाकरी, वालाची उसळ, मेथी यांवर वाढलेली बाई. चोथा कमी पडला की मळ घट्ट होतो हे खरं, पण तेवढ्यावर थांबणं म्हणजे सगळं बाईच्या ताटावर ढकलणं. त्याच डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न बाळंतपणाचा विचारला होता. दादाच्या वेळी आईला चिमटा लावला होता आणि मोठी फाटणी झाली होती. अशा बाळंतपणात गुदद्वाराचा स्नायू फाटू शकतो किंवा त्याच्या नसा ताणल्या जाऊ शकतात, आणि मग बाकीचे स्नायू वीस-तीस वर्षं भार पेलतात. पाळी गेल्यावर, स्नायू सैलावल्यावर ते दुखणं वर येतं. म्हणजे वयाचा भाग आहे, पण सहसा एकट्या वयाने हे होत नाही. मधुमेह, लठ्ठपणा, पार्किन्सन, पाठीच्या कण्याची दुखणी, मूळव्याध-भगंदराची ऑपरेशनं, सततचे जुलाब, यातलं काही ना काही बहुतेकदा सोबत असतं. बद्धकोष्ठता बायकांत जास्त, पण नकळत लागण्याचा त्रास पुरुषांनाही असतो. ते तर त्याहून गप्प बसतात.

आता तुमचं. रोज एकदा झालंच पाहिजे असं काही नाही. दिवसाला तीनपासून आठवड्याला तीनपर्यंत सगळं ठीक धरतात. पण चारातल्या एका वेळेपेक्षा जास्त वेळा कुंथावं लागतं का, खडे पडतात का, जाऊन आल्यावरही राहिल्यासारखं वाटतं का, हे महिनाभर वहीत लिहा. 1997 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी मळाच्या सात प्रकारांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. डॉक्टर तो ओळखतात, त्यातला आकडा सांगितला की लाजिरवाणं वर्णन करावं लागत नाही. आणि सकाळी गाडी चुकेल म्हणून कळ दाबू नका. आपल्या लोकलमध्ये संडास नाही, कळ घरीच ऐकायला हवी. अर्धा तास लवकर उठा, चहा घ्या, बसा. घरच्यांनी डबा भरावा. आमच्याकडे हे कोणी आईसाठी केलं नाही.

चूर्णाबद्दल एवढंच, की पुष्कळशा चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला जोरात हलवते. आत खडा असेल तर नुसत्या कळा येतील. इसबगोल चांगलं, मळाला आकार देतं म्हणून नकळत लागण्यातही उपयोगी पडतं, पण भरपूर पाण्याबरोबर, आणि खडा अडकलेला असताना नाही. म्हणून आधी तपासणी. डॉक्टर पोटावर हात ठेवून चिठ्ठी लिहायला लागले तर स्पष्ट सांगा, नकळत कपड्याला लागतं, आतून तपासा.

मी डॉक्टर नाही, आणि तुमचं माझ्या आईसारखंच असेल असं नाही. बद्धकोष्ठता आणि जुलाब आलटून पालटून होण्यामागे आतड्याची संवेदनशीलताही असते, थायरॉइडही असतो. थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. मळात रक्त, वजन आपोआप उतरणं, रक्त कमी होणं, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग, यातलं काही असेल तर वही लिहीत बसू नका, याच आठवड्यात पोटविकारतज्ज्ञाकडे जा.

आणि सासूबाईंना एकदा एकट्यात, मुलगा घरात नसताना विचारा. "वयानुसार होतं" हे त्या इतक्या खात्रीने सांगताहेत, म्हणजे बहुधा त्यांनाही होत असेल. दोघींची एकाच दिवशी वेळ घ्या.