दाखला की पुरावा?

राजापुराकडच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. 'आमच्या सड्यावरची (खडकाळ पठारावरची) कातळशिल्पं प्राचीन आहेत' असं लिहून नववीतल्या एका मुलानं पुढे 'याचे तीन दाखले देतो' म्हटलं. दाखले बरोबर, की पुरावे हवं होतं?

त्याचे तीन मुद्दे असे: आजोबा म्हणतात ती पांडवांनी एका रात्रीत कोरली, २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, आणि चित्रांत गेंडा आहे.

'दाखला' अरबी 'दाखल'च्या घरातला. नोंद झाली की दाखला मिळतो: जन्माचा, शाळा सोडल्याचा. पुढे 'उदाहरण' हा अर्थही त्याला चिकटला. दाखला समर्पक असतो, ताजा असतो. पण सबळ, भक्कम, तोकडा ही विशेषणं पुराव्याची, कारण त्याच्यावर विधानाचा भार असतो. पुरावा पुरला पाहिजे. (ही माझी कोटी, व्युत्पत्ती नव्हे.) 'इतिहासात याचे दाखले सापडतात' म्हणताना दोन्ही अर्थ शेजारी येऊन बसतात, हे मात्र कबूल.

आता या मुलाचं काय? युनेस्कोची यादी हा महत्त्वाचा दाखला. वयाचा पुरावा नाही. पांडवांच्या गोष्टीनं पांडव सिद्ध होत नाहीत, पण कोरणारे कोण हे गावाच्या आठवणीतून पुसलं गेलंय, एवढं ती नक्की सांगते. मला तर हा मुद्दा फार आवडला. मुलानं तो वाया घालवला. खरा पुरावा गेंडा, तोही अर्धाच. कोकणात आज गेंडा नाही, कोरणाऱ्याला मात्र तो माहीत होता, म्हणजे मधे बराच काळ गेला असावा, ही साखळी लिहायला हवी. आणि कोरणाऱ्यानं तो इथेच पाहिला, की दुसरीकडे पाहून आला? ही शंकाही मुलानंच काढायची.

न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, या मधल्या दुव्याला 'हेतू' म्हणतात. तिथलं ठरलेलं उदाहरण: डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर दिसतो. आपल्याकडे राब भाजायच्या, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळायच्या दिवसांत हे चोख लागू पडतं. श्रावणातल्या सकाळी मात्र आधी ते धुकं नाही ना, हे बघावं लागतं.

तेव्हा बाई, वहीत 'दाखले' खोडू नका. युनेस्कोपुढे ते राहू द्या, गेंड्यापुढे 'पुरावा' लिहा आणि आजोबांचा मुद्दा त्याला पुन्हा लिहायला सांगा.