सलिनिटी आणि कोळंबीचा डेटा वेगवेगळ्या एक्सेल फायलींत आहे, एकत्र करून क्वेरी कशी मारू?

तुम्ही विचारलंय की मांडवी-जुवारी नद्यांच्या पाण्याची सलिनिटी म्हणजे खारेपणा एका फाईलमधे, कोळंबीचे आकडे दुसरीत आणि तिसरी जुन्या प्रोजेक्टची, तर कुठलं सॉफ्टवेअर घेऊ. एसक्यूलाइट हा डेटाबेस घ्या, फुकट आहे, सर्व्हर लागत नाही, थिसिसला भरपूर पुरतं. खरं काम जॉइन (दोन टेबलांच्या जुळणाऱ्या ओळी जोडणं) कशावर करायचा ह्यात आहे.

गोव्यात पहिली अडचण नावांची. एकाने पणजी लिहिलंय दुसऱ्याने पंजिम, कुठ्ठाळीचं कोर्टालिम होतं, जुवारीचं झुआरी, डेटाबेसला ही वेगळी ठिकाणं वाटतात आणि साधा जॉइन त्या ओळी गुपचूप गाळतो, एररसुद्धा येत नाही. म्हणून स्टेशनांचं वेगळं टेबल करा, प्रत्येकाला एक कोड, आणि सापडतील तेवढी नावं त्या कोडाला जोडणारं दुसरं छोटं टेबल. मूळ फाईलमधलं नाव खोडू नका. मग लेफ्ट जॉइन लावून (त्यात जोडी न मिळालेल्या ओळीही राहतात) कोड न मिळालेल्या ओळी आधी बघा. कोळंबीचंही तसंच, जुन्या फाईलमधे फेनेरोपीनियस इंडिकस असेल आणि नव्यात पीनियस इंडिकस, कोळंबी तीच. वर्म्स ह्या सागरी जीवांच्या यादीत प्रत्येक नावाला नंबर असतो आणि आज मान्य असलेलं नाव कुठलं तेही दिलेलं असतं, तो मान्य नावाचा नंबर वापरा.

वेळेचं मात्र नीट वाचा, माझे दोन महिने ह्यात गेले. पाण्यात सोडलेलं यंत्र यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाण वेळ नोंदत होतं आणि होडीवरची वही आपल्या घड्याळाने, म्हणजे साडेपाच तासांचा फरक. आता आपल्याकडे भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास, त्यामुळे साडेपाच तास सरकलं की ओहोटीचं पाणी भरतीच्या नोंदीला जाऊन बसतं. होडीवाल्या काकांना ग्राफ दाखवला तर ते लगेच म्हणाले, भर भरतीला पाणी गोडं कसं होईल? मी तोवर त्यावर अर्धं प्रकरण लिहून बसलो होतो. तेव्हा प्रत्येक फाईलची वेळ कुठली ते विचारून घ्या आणि सगळं एकाच वेळेत आणा.

आणि नुसत्या तारखेवर जॉइन करू नका. एका दिवशी सलिनिटीची 2 मापं आणि जाळ्याच्या 3 फेऱ्या असतील तर 6 ओळी तयार होतात, प्रत्येक फेरी दोनदा मोजली जाते आणि कोळंबीची बेरीज दुप्पट येते. फेरीच्या वेळेला सगळ्यात जवळचं एकच माप जोडा, आणि जॉइनच्या आधी किती ओळी होत्या नंतर किती झाल्या हे दर वेळी काउंट लावून बघाच.

रिकाम्या जागी शून्य भरू नका हो, पावसाळ्यात मांडवीच्या वरच्या भागात सलिनिटी खरंच शून्याजवळ जाते, मग कुठलं माप खरं आणि कुठलं राहून गेलेलं ते कोणालाच कळणार नाही. नल म्हणजे डेटाबेसची 'माप नाही' ही खूण ठेवा, सरासरी काढताना तो आपोआप वगळला जातो. माप नाही म्हणून कोणी उणे 999 लिहून ठेवलं असेल तर त्याचंही नल करा.

अक्षांशांकडेही एकदा बघा, पणजीचं 15 अंश 30 मिनिटं म्हणजे 15.5, 15.30 नव्हे. रेखांशातही तीच चूक झाली तर स्टेशन चाळीसेक किलोमीटर लांब समुद्रात जातं.

तिन्ही फायलींच्या पहिल्या दहा-दहा ओळी इथे टाका, कॉलमची नावं दिसली की जवळच्या वेळेची क्वेरी लिहून देतो.