सिल्व्हरमून सिटीत नेमके भाग कोणते आणि आधी काय बघायचं?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममधलं ब्लड एल्फ लोकांचं हे शहर मला फार जवळचं आहे, म्हणून 2007 च्या बर्निंग क्रुसेड या विस्तारात (एक्सपान्शनमध्ये) ते जसं आलं तसं सांगतो. शेफर्ड्स गेटमधून आत आलात की वॉक ऑफ एल्डर्स लागतं, लाल-सोनेरी इमारती, हवेत तरंगणाऱ्या गोष्टी, आणि आपोआप झाडणारे झाडू, ते नक्की बघा. बाजार दोन, बझार आणि रॉयल एक्सचेंज, दोन्हीकडे ऑक्शन हाऊस, म्हणजे खेळाडूंचं लिलावघर.

पण खरी मजा मर्डर रो मध्ये. अंधारी अरुंद गल्ली, रोग (Rogue, लपून वार करणारे) आणि वॉरलॉक (काळी जादू करणारे) लोकांचे अड्डे इथेच, आणि एवढ्या चकाचक शहराच्या पोटात हे असं काही आहे हे बघूनच शहर खरं वाटायला लागतं. तिथून कोर्ट ऑफ द सनचा मोठा चौक गाठा, पुढे सनफ्युरी स्पायर, राजवाडाच म्हणा ना, आतल्या ऑर्बला, म्हणजे जादूच्या गोळ्याला, हात लावला की थेट लॉर्डेरॉन या पडलेल्या मानवी राज्याच्या राजधानीच्या अवशेषांत. फारस्ट्रायडर्स स्क्वेअरला ब्लड नाइट्सचा, म्हणजे ब्लड एल्फ पॅलाडिन योद्ध्यांचा तळ, तिथे खाली मुरू नावाच्या प्रकाशजीवाला कैद करून त्याची शक्ती ओढून घ्यायचे, मला तिथे दरवेळी वाईटच वाटतं.

आणि एक, शहराचा पश्चिमेकडचा भाग उद्ध्वस्त आहे, खलनायक आर्थसची मृतांची सेना मधून गेली त्याची काळी खूण, डेड स्कार, अजून तशीच, ती न बघता परत येऊ नका.